हडळीचा हेल

हडळीच्या पाठीला चेन होती. साधी, प्लास्टिकची, दप्तराला असते तशी. ती अर्धी उघडी राहिली होती आणि आतला पिवळा फोम बाहेर डोकावत होता. वृषाली एवढ्या जोरात हसली की वर पत्र्याखाली बसलेली कबुतरं फडफडली. "सोनल, बघ की अगं, हडळीनं दप्तर घातलंय!" सोनलनं लगेच मोबाईल काढला, दोघींनी हडळीच्या दोन्ही गालांना गाल लावून फोटो काढला, कारण जिच्या नुसत्या चाहुलीनं अख्खी बारामती किंचाळते तिच्या गळ्यात हात टाकायला मिळणं ही काय रोजची गोष्ट होती? ट्यूबलाइटच्या उजेडात सगळंच उघडं पडलं होतं. अंधारात जो ऊस अंगावर चालून येतो तो प्लास्टिकचा होता आणि त्याच्या पानांवर बोटभर धूळ होती. गंमत म्हणजे भिंतीला कान लावला तर पलीकडं खराखुरा ऊस सळसळताना ऐकू यायचा, कारण इंदापूर रस्त्यावरचा, पाळण्या-घसरगुंड्यांचा हा मौजमळा उभा होता तोच मुळी उसाच्या फडांमध्ये. भुताच्या विहिरीत पाणी नव्हतं, फरशी पुसायची बादली होती. वडाच्या पारंब्या म्हणजे काळी नायलॉनची दोरी, आणि त्यातल्या एका पारंबीला कुणीतरी आपली जेवणाची पिशवी अडकवून ठेवली होती. वृषालीला हे सगळं इतकं आवडलं, इतकं आवडलं की तिला वाटलं, जगात ज्याची म्हणून भीती वाटते त्या प्रत्येक गोष्टीच्या मागं जायला असं एक छोटं दार असलं पाहिजे, आणि दारावर 'फक्त कर्मचाऱ्यांसाठी' असं लिहिलेलं असलं तरी आपल्याला आत सोडलं पाहिजे.

तिला आत सोडलं होतं ते तिच्या गळ्यामुळं. 'चकवा' हा मौजमळ्यातला सगळ्यात गाजलेला खेळ. बैल नसलेल्या बैलगाड्या रुळावरून अंधारात शिरायच्या, उसातून, विहिरीवरून, वडाखालून वाट चुकल्यासारख्या गरगर फिरायच्या, आणि शेवटच्या वळणावर हडळ मान वळवून एक लांबच लांब हेल काढायची. त्या हेलाला शब्द नव्हते. तो खालून सुरू व्हायचा, वर चढायचा, चढून चढून जिथं संपला असं वाटायचं तिथनं आणखी एक पायरी वर जायचा आणि मग एकदम तुटायचा. पोरंपोरी कॉलेजच्या कट्ट्यावर, एसटी स्टँडवर, ट्यूशनला तो काढून बघायची, पण ती वरची पायरी कुणाला जमायची नाही. वृषालीला जमली. पहिल्यांदाच जमली. लासुर्ण्याहून बारामतीला आल्यापासून जी मुलगी वर्गात हजेरीलासुद्धा हळूच 'हजर' म्हणायची, तिनं गॅदरिंगला स्टेजवर, दिवे घालवून, तो हेल काढला, तेव्हा पुढच्या रांगेतले शिक्षक खुर्चीत सरकले आणि मागची सगळी शाळा उभी राहून शिट्ट्या मारायला लागली. त्या दिवसापासून ती वेगळीच झाली. कुणालाही काहीही विचारायची, रिक्षावाल्याशी भांडायची, वर्गाची प्रतिनिधी झाली. मौजमळ्यानं हडळीसारखं ओरडायची स्पर्धा लावली तेव्हा तिचा व्हिडिओ सगळ्यांत पुढं गेला, आणि बक्षीस देताना तिथले साहेब माईकवर म्हणाले, "ही पोरगी म्हणजे आमच्या हडळीची सख्खी लेक शोभतीय!" वृषालीनं ते वाक्य घरी जाऊन आईला तीन वेळा अभिनयासकट करून दाखवलं होतं.

आई आज बाहेर होती. बक्षिसात मागची बाजू बघायला दोघींना परवानगी आणि घरच्यांना फुकट पास, असं होतं. आई पेरू-डाळिंबाच्या पॅकहाऊसवर निवडायच्या लाइनवर कामाला होती, आणि सुट्टी घेणं हे तिला सणावारीसुद्धा जड जायचं. पण या वेळी तिनं घेतली. गेटवरच्या वॉचमननं तिचा भाकरीचा डबा ठेवून घेतला तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "ठेव बाबा, पन खाऊ नगंस, मोजून आणल्यात." सोनल हसून हसून वाकली होती. पाळण्याला, घसरगुंडीला, सगळ्याला आई 'मला न्हाय बाई, चक्कर येती' म्हणत आली होती. पण 'चकवा'पाशी थांबली. वर भिंतीतून बाहेर आलेला हडळीचा हात बघून म्हणाली, "हीच का तुझी? मंग हितं बसती मी. जिच्यासारखं वरडून तू बक्षीस आणलंस ती कशी वरडती बघू तर दे." आणि पदर कमरेला खोचून रांगेत उभीसुद्धा राहिली.

"फोम बघितला, दोरी बघितली, आता आमच्या चकव्याचा खरा जीव बघा," राजवर्धन म्हणाला. राजवर्धन इथला इंजिनिअर. डोक्यावर पांढरं हेल्मेट, कमरेला वॉकीटॉकी, आणि वृषालीला तो सारखा 'विजेत्या मॅडम' म्हणत होता. त्यानं त्यांना एका बुटक्या खोलीत नेलं. आत एसीचा गारठा, भिंतीवर टीव्हीसारखे चौकोन, त्यांत अंधारातल्या रिकाम्या गाड्या हिरवट-राखाडी दिसत होत्या, आणि समोर बटणांचा फळा. "माणूस डोळ्यानं भीतच नाही, मॅडम. कानानं भितो." त्यानं आधी सगळं एकत्र वाजवलं: वारा, कुत्री, कुणाचं तरी घोगरं हसणं, आणि त्यात तो हेल. सोनलनं कानावर हात घेतले. मग तो एकेक बटण खाली ओढत गेला. कुत्री गेली. वारा गेला. हसणं गेलं. उरला नुसता हेल. आणि आजूबाजूची गर्दी गेल्यावर तो अचानक इतका जवळ आला की वृषालीच्या मानेवर काटा आला आणि तिला वाटलं, हा एसीचा.

"हे कुणी म्हटलंय?" सोनलनं विचारलं. "कुठल्या नटीनं?"

"नटी!" राजवर्धन हसला. "पुण्याला स्टुडिओत तिघीचौघींनी रडून बघितलं. सगळ्या सिरियलसारख्या रडतात. ही खरीच आहे. आमच्या साउंडवाल्याला एका मांडववाल्याच्या मोबाईलमध्ये सापडली. लॉकडाऊनमधली आहे म्हणे. आम्ही नुसते शब्द कापले. शब्द ऐकू आले ना, की माणूस भीत नाही, त्याला वाईट वाटतं. थांबा, मूळचं ऐकवतो."

आधी खरखर झाली. मग लांब कुठंतरी पाण्याची मोटर, एक शेळी. आणि मग बाई.

"अवं धनीऽऽ, च्या ठिवलाय म्हनलं व्हतं वंऽऽ... च्या निवला की वं धनीऽऽ... बायडी दारात हुबी हाय वंऽऽ, तिला काय सांगू मीऽऽ... बायडीला काय सांगूऽऽ..."

खोलीत काहीच बदललं नव्हतं. राजवर्धनचं बोट बटणावर होतं, सोनलच्या मोबाईलवर व्हिडिओचा लाल ठिपका चालू होता, एसीतून थेंब पडत होता. बायडी. वृषालीला या नावानं जगात एकाच माणसानं हाक मारली होती, तिच्या वडिलांनी, आणि त्यांना ती बप्पा म्हणायची. आई तिला वृषे म्हणते. बप्पा गेले त्या एकाच दिवशी आईच्या तोंडून त्यांनी ठेवलेलं ते नाव निघालं होतं, आणि तिला ते ऐकूच आलं नव्हतं. म्हणजे तो दिवस तिला आठवत नव्हता असं नाही. उलट सगळं आठवत होतं, नको इतकं: पेरूच्या बागेत ठिबकचा कॉक बंद करायला गेलेले बप्पा, झाडांच्या दोन ओळींमध्ये पडलेली त्यांची एकच चप्पल, चुलीवर पातेल्याला आलेली साय. बांधाच्या पलीकडं तोंडाला पदर लावून उभ्या राहिलेल्या बाया, ज्यांना पोलिसपाटलानं लॉकडाऊन म्हणून अलीकडं येऊ दिलं नव्हतं. दादासो काका, बप्पांचा चुलतभाऊ, मांडव आणि स्पीकर भाड्यानं देणारा, हात वर करून मोबाईल धरून उभा, कारण सुरतेच्या आत्याला येता येत नव्हतं आणि तिला भावाचं तोंड दाखवायचं होतं. त्याच्या मोबाईलच्या पाठीवर मोराचं पीस होतं. हे सगळं होतं. पण आवाज नव्हता. आईचं उघडलेलं तोंड तिला पाच वर्षं दिसत होतं, काचेमागं दिसावं तसं, आणि तिला वाटायचं, आई त्या दिवशी रडलीच नाही, नुसतं तोंड उघडून बसली. आता तो आवाज आला होता. एवढ्या दिवसांनी, एसीच्या खोलीत, एका फळ्यातून. आणि तिला कळलं की तो आवाज तिच्याजवळ होताच. तो तिच्या गळ्यात होता. ती वरची पायरी, जी कुणाला जमत नाही, ती तिला पहिल्यांदाच का जमली? तिनं दिवे घालवून, हात पसरून, केस तोंडावर घेऊन, सगळ्या शाळेसमोर, शिट्ट्यांसाठी – छे. छे. छे. जे तिला गेल्या वर्षभरात मिळालं होतं, तो धीटपणा, ती वर्गातली वट, रिक्षावाल्याला गप्प करणारं तोंड, ते सगळं तिनं कुठून उचललं होतं?

"काय मॅडम? विजेत्याच घाबरल्या?"

"हे बंद करा," वृषाली म्हणाली.

"केलं की."

"इथलं नाही. आतलं. गाडीतलं. आता जी गाडी येईल तिला हे वाजवू नका."

"अहो, असं कसं? गाडी वळणावर आली की ते आपोआप लागतं. आणि आवाज नसला तर हडळ काय, नुसती मान हलवणार. लोक आम्हालाच हसतील." तो अजून हसतच होता. "बदल करायचा तर साहेबांना विचारावं लागतं, साहेब गेलेत इंदापूरला. पण का? झालं काय?"

तिनं तोंड उघडलं. आणि तिला सोनलच्या हातातला लाल ठिपका दिसला. सोनल चांगली होती, सख्खी मैत्रीण होती, पण तो ठिपका सोनलचाही ऐकणारा नव्हता. 'ही माझी आई आहे.' एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की राजवर्धन बटणावरचं बोट उचलेल, बिचारा कदाचित माफीही मागेल. पण म्हटलं की संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळेला कळेल, उद्या पॅकहाऊसवर कळेल, आणि निवडायच्या लाइनवर उभ्या असलेल्या तिच्या आईकडं बघून कुणीतरी दुसरीला कोपरानं ढोसेल: हीच ती, चकव्यातली हडळ. बोललं तर आईला हडळ करायचं आणि गप्प बसलं तर आईला त्या वळणावर पाठवायचं. शाळेत वादविवाद स्पर्धेत तिला दोन्ही बाजूंनी बोलता यायचं. आता कुठल्याच बाजूनं येईना. ओठ हलत होते आणि आवाज नव्हता, आणि एक भयंकर विचार तिच्या मनात आला, की या क्षणी मी त्या दिवशीच्या आईसारखी दिसत असेन, काचेमागची.

वॉकीटॉकी खरखरली. "गाडी भरली. सोडतोय." भिंतीवरच्या पहिल्या चौकोनात एक गाडी हलली. पुढं कॉलेजची पोरं, आधीच हात वर करून तयार. मागच्या बाकावर, एका कडेला, मांडीवर दोन्ही हात ठेवून, एसटीत बसतात तशी ताठ, आई. तिच्या हातावर पॅकहाऊसच्या डागांचे काळे ठिपके होते ते या हिरव्या उजेडात दिसत नव्हते. तिनं वर कॅमेऱ्याकडं बघितलं, तो कॅमेरा आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि पदर सारखा केला.

वृषाली पळाली. "अहो मॅडम! तिकडं नाही! रूळ आहे!" राजवर्धन मागून ओरडला. ट्यूबलाइट गेले होते. आता सगळं पुन्हा खरं झालं होतं. ऊस अंगावर येत होता, पारंब्या तोंडाला लागत होत्या, विहिरीतल्या बादलीला तिचा पाय लागला आणि बादली गडगडत गेली, आणि तिकडून, उसाच्या पलीकडून, पोरांचं हसणं जवळ येत होतं. हडळ तिथंच उभी होती, चेन उघडी. तिच्या पायांच्या मागं काळा पेटीसारखा स्पीकर होता, गुडघ्याएवढा, आणि त्याच्या पाठीतून निघालेल्या वायरी लोखंडी नळीतून जमिनीत गेल्या होत्या. ओढायला काही नव्हतं. तिनं नळीला हिसका दिला. नळी जागची हलली नाही. गाडीचं चाक वळणावर कुरकुरलं. मग तिला काहीच सुचलं नाही आणि ती स्पीकरच्या पुढं बसली, गुडघे मोडून, आणि दोन्ही तळवे जाळीवर दाबले, आणि तेही पुरेना म्हणून छाती दाबली, गाल दाबला, जसं कुणी वाहत्या पाइपाच्या भोकावर स्वतःला लावून घेईल.

हेल सुरू झाला. तो आधी तिच्या तळव्यांत आला. मग दातांत. मग बरगड्यांत. तिला तो ऐकू आलाच नाही, तो नुसता तिच्यातून गेला, खालून वर, वर, आणखी वर, आणि ती वरची पायरी आली तेव्हा तिच्या घशातली शीर तिच्या मनाविरुद्ध ताणली गेली, ओळखीच्या दाराशी पाय आपोआप उचलावा तशी. तिनं दात घट्ट मिटले. वर हडळीची मान फुस्स करून वळली. पोरं आनंदानं किंचाळली. उसाच्या दोन पानांमधून तिला गाडी दिसली, हिरव्या उजेडात अगदी हळू, गरजेपेक्षा हळू जाणारी, आणि आईचा चेहरा. आई किंचाळत नव्हती. हडळीकडं बघतसुद्धा नव्हती. ती मान थोडी तिरकी करून, भुवया जवळ आणून, ऐकत होती. शेजारच्या घरात कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज वाढला की हातातलं काम थांबवून ऐकते, तशी.

कुणी कुणाला काय बोललं ते वृषालीला नंतर सांगता आलं नसतं. राजवर्धन रागावला, मग तिचा चेहरा बघून रागवायचा थांबला आणि पाणी देऊ का म्हणाला. सोनल "काय झालं गं, काय झालं" करत मागं येत होती. बाहेर ऊन इतकं पांढरं होतं की डोळे उघडेनात. उतरायच्या फलाटावर कॉलेजची पोरं एकमेकांच्या पाठीत गुद्दे घालत तो हेल काढायचा प्रयत्न करत होती, आणि कुणालाच वरची पायरी जमत नव्हती. आई कठड्याला धरून उभी होती.

"भ्यालीस?" वृषालीनं विचारलं. आवाज फाटका आला.

"भ्यायला काय झालंय! ऊस खोटा, वड खोटा. त्या गाडीला बैल तरी लावायचं." आई हसली, आणि हसू अर्ध्यात थांबलं. "पर ती रडणारी बाई खोटी न्हाय, वृषे."

"मशीन असतं, आई."

"मशीन असंल. पर आधी बाईच व्हती." आई पुन्हा त्या काळ्या दाराकडं बघत होती. "अगं, यवढा हेल काढल्यावर चार बाया धावत्यात. एक गळ्यात पडती, एक पाठीवरनं हात फिरवती, एखादी म्हातारी म्हनती 'उगी उगी'. हिच्या हेलात मधी दुसऱ्या कुनाचा आवाजच न्हाय. ध्यान दिऊन आईकलं मी. एकटीच रडतीया. मानसं मेली व्हती का गावातली? कुनी धरलं न्हाय तिला?" तिनं पदरानं गळ्याचा घाम टिपला. "कोन आसंल गं ती?"

सोनल दोन पावलांवर होती, मोबाईल हातात होता. वृषालीनं तिच्याकडं एकदा बघितलं. मग ती आईच्या अगदी जवळ गेली, इतकी की आईच्या कानातली बुगडी तिच्या ओठांना लागली, आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाणारा तिचा तो आवाज तिनं इतका खाली घेतला की तो आईशिवाय कुणाला मिळाला नसता.

"तूच होतीस. बप्पाच्या वेळची. काकाच्या मोबाईलातली."

आईनं मान मागं घेऊन लेकीचा चेहरा बघितला, ही चेष्टा करतीय का ते बघावं तसा, आणि तिथं चेष्टा नव्हती. पोरं ओरडत होती. पलीकडं खऱ्या उसावरून वारा गेला. आईचा हात कठड्यावर होता तो सुटला, हवेत तसाच राहिला, मग तिच्याच गळ्यापाशी गेला, जणू तिथं काही जागेवर आहे का ते चाचपत. वृषालीला वाटलं, आता ती पडेल. तिनं दोन्ही हातांनी तिला धरलं, घट्ट, स्पीकरला धरलं होतं त्याच्यापेक्षाही घट्ट.

"अगं सोड. लोक बघत्यात," आई म्हणाली. पण स्वतःहून सुटली नाही.

मग तिनं नाक ओढलं, निऱ्या वर खोचल्या आणि लेकीचं मनगट धरून ती रांगेच्या टोकाकडं चालू लागली.

"आई, कुठं? नको. आई, अगं परत कशाला?"

"चल," आई म्हणाली. "ती एकटीच हाय आत."